रुमालाखाली ठरलेलं कॉलेज

सक्करदरा, नागपूर
२ जुलै १९८०

प्रिय गोपिका,

माझं पत्र पाहून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, घरात सगळे धडधाकट आहेत. तुमच्या दुकानात फोन आहे हे मला माहीत आहे. पण तो भाऊजींच्या गादीपाशी, नवऱ्यासमोर तू काय बोलणार, आणि आमच्या शेजारच्या वकिलांकडून फोन करायचा तर त्यांची बायको हातातली पोळी तव्यावर टाकून दारात येऊन उभी राहते. म्हणून पत्र. शाळेत माझे निबंध तूच लिहून द्यायचीस, तेव्हा आता माझ्या चुका काढत बसू नकोस. त्यांतल्या निम्म्या तुझ्याच खात्यावर आहेत.

शामलाच्या बारावीच्या निकालाचे पेढे तुला पोचले होते. तेव्हापासून आमच्या घरी जो येतो तो चहा पिऊन एक कॉलेज सांगून जातो. माझ्या जाऊबाईंनी होम सायन्स काढलं, मुलीला शोभतं म्हणून. वकील म्हणाले, आधी साधी बी.एस्सी. होऊ द्या, पुढचं पुढे. दूधवाल्यानंसुद्धा त्याच्या भाच्यानं कुठे नाव घातलं ते सांगून घेतलं. शामला सगळ्यांचं ऐकून मान हलवायची आणि आत येऊन मला म्हणायची, आई, ह्यांना काय वाटतं, मी अजून ठरवायची आहे? तिचं कधीच ठरलं होतं. तुला आठवत असेल, ही पोर लहानपणी सुट्टीत बाबांबरोबर संत्रा मार्केटला जायची. हंगामाच्या शेवटी भाव पडले की गाळ्यामागे संत्र्यांचे ढीग सडतात, गाईसुद्धा तोंड लावत नाहीत. बाकीची पोरं नाक दाबून पळायची. ही तिथेच उभी राहून विचारायची, बाबा, ह्याचं कोणी काही काहून करत नाही? ते हसून सोडून द्यायचे. हिनं सोडलं नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात आता अन्नतंत्रज्ञानाची पदवी निघाली आहे. फळांचा रस काढायचा, टिकवायचा, डब्यात भरायचा, हे सगळं चार वर्षं शिकवतात, असं तिनं कुठेतरी वाचलं, आणि दहावीपासून आमच्या घरात परभणीचा जप सुरू झाला.

आणि नुसता जप नाही हो. मी बाजारात वांगी घेते ना, दाबून, देठ बघून, तसं तिनं ते कॉलेज पारखलं. तिथे शिकणाऱ्या कुठल्याशा मुलीचा पत्ता मिळवला आणि तिला पत्रावर पत्रं लिहिली. यंत्रं आहेत की नुसती चित्रं दाखवतात? यंत्राला विद्यार्थी हात लावतात की मास्तरच लावतात? मुलींच्या राहण्याचं काय? पुढे नोकरी कुठे लागते? त्या मुलीनं बिचारीनं सगळ्याची उत्तरं धाडली. मला ह्यातलं काय कळतं? मी एवढंच विचारलं की परभणीला जायचं कसं. तर म्हणे अकोल्याला गाडी बदलायची, तिथून छोट्या गाडीनं पूर्णा, मग परभणी. एवढ्या लांब पोरीला एकटीला कसं धाडायचं, असं मी म्हणत होते. पण प्रवेशाचं पत्र आलं त्या दिवशी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा ते तोंडातून काढलं नाही. तिच्या बाबांचा स्वभाव तुला माहीत आहे. संध्याकाळी मार्केटमधून येताना इतवारीतून एक हिरवी लोखंडी पेटी घेऊन आले आणि तिच्या खोलीत ठेवून दिली. त्यांचं होकार देणं ते. शामलानं त्याच दिवशी पेटीवर आपलं नाव रंगवायला घेतलं.

मग गेल्या आठवड्यात भाऊजी आले. ते आमच्याकडे येऊन गेले हे त्यांनी तुला सांगितलं असेलच. काय काय सांगितलं, ते मात्र मला माहीत नाही.

त्या दिवशी त्यांना पाहून मला खरोखर आनंद झाला होता. तुझा निरोप, तुझ्या हातचं लोणचं, सगळं घेऊन आले. दोघं बैठकीत बसले. भाऊजी मोठ्या उत्साहानं तुमच्या सावनेरच्या नव्या कॉलेजचं सांगत होते. त्यांनी चारचौघांना घेऊन ट्रस्ट काढला, फळप्रक्रियेची तीन वर्षांची पदवी सुरू होते आहे, विद्यापीठाचे लोक तपासणीला यायचे आहेत, त्याआधी वर्गात मुलं दिसली पाहिजेत, मुली दिसल्या तर आणखी चांगलं. सावनेरचं संत्रं सावनेरातच बाटलीत भरलं गेलं पाहिजे, असं ते म्हणाले आणि मला ते पटलंसुद्धा. मी चहा टाकायला आत गेले. चहा घेऊन आले तर बैठक गप्प. दोघांचे उजवे हात एकमेकांत, आणि वर भाऊजींचा तो मोठा पांढरा रुमाल.

तू आणि मी दोघीही ह्या धंद्यात नांदतो आहोत, तेव्हा तुला काय सांगायचं. बाकीच्या जगाला वाटतं भाव तोंडानं ठरतो. आपल्याला ठाऊक आहे की मार्केटमध्ये भाव रुमालाखाली ठरतो. बोटं धरायची, सोडायची, चारचौघांत कोणाला काही कळत नाही, आणि शेवटी मूठ आवळली की सौदा पक्का. मग माल तोलला जाईपर्यंत दोघांपैकी कोणी तोंड उघडत नाही, बायकोपाशीसुद्धा नाही. आवळलेली मूठ ज्यानं सोडवून घेतली, त्याच्या रुमालात पुन्हा कोणी हात घालत नाही. घेणारा आपणहून म्हणाला तरच सुटका. मला वाटलं, कुठल्या बागेचा सौदा चालला आहे. मी चहा ठेवला. रुमाल हलला, थांबला, पुन्हा हलला, आणि मग ह्यांच्या दंडाची शीर ताठ झालेली मी पाहिली. मूठ आवळली होती. गोपिका, मी तिथे बशा हातात घेऊन उभी होते आणि मनात काय विचार करत होते सांगू? साखर कमी पडली की काय.

जेवताना हे म्हणाले, "शामला, परभणी राहू दे. तुले सावनेरच्या कालेजात जायचं आहे. मी हात देऊन बसलो."

शामलानं ताटावरची मान वर केली. ती काही ओरडली नाही. "मले इचारलं काहून नाही, बाबा?" एवढंच म्हणाली. ते भात कालवत राहिले. खाल्ला नाही, नुसता कालवत राहिले, आणि मग उठून हात धुतला.

मी त्यांच्याशी किती भांडले ते लिहीत नाही. तुला माझी जीभ माहीत आहे. एवढ्या वर्षांत मी त्यांना मार्केटातल्या गोष्टीत एक शब्द विचारला नव्हता, तो ह्या वेळी विचारला. म्हटलं, पोरगी म्हणजे काय बाग आहे? तिचं कॉलेज रुमालात ठरवता? तर म्हणाले, भाऊजींनी हात पुढे केला तेव्हा कॉलेजचं बोलणं चाललं होतं, आणि पुढे आलेला हात मागे कसा लोटायचा? इतक्या वर्षांच्या सवयीनं हात गेला, सत्ये, असं म्हणाले. मला त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. म्हटलं, ठीक आहे, हात गेला तर गेला, पण ठरलं काय? कॉलेज एवढंच ना? त्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "सौदा झाला. आता मले काही इचारू नको वं."

त्या दिवसापासून मी ते एक वाक्य चावते आहे. कॉलेजचं तर त्यांनी जेवताना सांगितलंच होतं. मग विचारायचं नाही असं उरलं काय?

शामला हट्टी आहे, पण अन्याय करणारी नाही. म्हणाली, न बघता नावं ठेवणार नाही, आपण सावनेरला जाऊन येऊ. म्हणून आम्ही मायलेकी शनिवारी एस.टी.नं तुमच्याकडे आलो. तुझ्यासमोर मी तोंड भरून कौतुक केलं, आता खरं लिहिते, रागावू नकोस. पाटी सुंदर रंगवली आहे. आत तेलघाणीची जुनी शेड आहे, अजून पेंडीचा वास येतो. एक यंत्र गोणपाटाखाली झाकलेलं आहे, ते चालवायला येणारा माणूस अजून नेमायचा आहे. प्रयोगशाळेला कुलूप होतं आणि किल्ली भाऊजींकडे होती. ते जे तरुण प्राध्यापक भेटले ते सज्जन वाटले. शामलानं तिचे सगळे प्रश्न त्यांना विचारले, तर ते प्रत्येक प्रश्नाला पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणत राहिले, आणि शेवटी त्यांनाच कसंतरी झालं. भाऊजींचा हेतू वाईट आहे असं मी कधी म्हणणार नाही. दहा वर्षांनी तिथे चांगलं कॉलेज होईलही. पण माझी मुलगी आत्ता अठराची आहे.

मग तुझ्याकडे जेवण. पाटवडीचा रस्सा तू अजून तसाच करतेस, आपल्या गावच्यासारखा. तू शामलाला शेजारी बसवून घेतलंस. मुलींसाठी वसतिगृह अजून नाही, तर ती आमच्याकडेच राहील, असं म्हणून माडीवरची खोली दाखवलीस. वसंताला दुकानातून मुद्दाम जेवायला बोलावून घेतलंस. तो बिचारा मान खाली घालून जेवला आणि पाणीसुद्धा न मागता गेला. चांगला मुलगा आहे तुझा, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आणि निघताना तू कासारणीला बोलावून शामलाच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्यास. पाहुण्या मुलीला रिकाम्या हातानं पाठवायचं नसतं, म्हणून भरल्यास, असं मी मनाशी म्हटलं. दोनदा म्हटलं. परतीच्या गाडीत पाटणसावंगीच्या पुढे शामलानं एकेक करून त्या उतरवल्या आणि माझ्या पिशवीत ठेवल्या. आई, लिहिताना वाजतात, असं म्हणाली.

त्याच्या दुसऱ्या दिवशीचं मला सांगायचं आहे, आणि ते लिहायला माझा हात होत नाही. हे बैठकीत एकटेच बसले होते. शामला गेली आणि त्यांच्यासमोर खाली बसली. लहानपणी मार्केटमध्ये नेताना त्यांनी तिला रुमालातली बोटं खेळ म्हणून शिकवली होती, घरी दोघं तासन्‌तास खेळायची, मला त्यातलं काही कधी उमगलं नाही. तर हिनं तिची ओढणी काढली, जरीपटक्याहून मीच आणून दिलेली ती पिवळी, आपल्या उजव्या हातावर टाकली आणि हात त्यांच्यापुढे धरला. म्हणाली, "तोंडानं सांगता येत नाही ना, बाबा? मंग असं सांगा."

मी दारात होते. मला वाटलं ते उठून जातील. नाही गेले. सदऱ्याची बाही वर सारली आणि त्यांनी हात आत घातला. ओढणी हलली. पण गोपिका, ती बोटांपाशी हलली नाही, मनगटापाशी हलली. मनगटाला गोल धरावं तशी. ह्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. लग्न झाल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा नाही. शामलानं हात काढून घेतला, ओढणी नीट घडी करून खांद्यावर टाकली आणि स्वयंपाकघरात येऊन परात पुढे ओढून कणीक मळायला बसली. मी तिला विचारलं, बाबांनी काय सांगितलं? ती म्हणाली, सौद्यातलं कसं सांगू, आई? बापाची लेक. मला त्या दोघांच्या दोन्ही गालांत द्याव्याशा वाटल्या.

सोमवारी सकाळी उठले तर तिच्या हातात त्या बांगड्या होत्या. माझ्या पिशवीतून तिनंच काढून घेतल्या होत्या. पेटी तिनं पलंगाखाली सरकवली आहे. परभणीचं नाव काढलं तर म्हणते, राहू दे आई, लांब आहे. ही, जिनं मला अकोला-पूर्णा पाठ करून घेतलं. रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं. भांडली असती तर तिच्या बाजूनं भांडले असते. ती दोन्ही करत नाही. सकाळी बाबांना गरम पाणी काढून देते, त्यांचा धुतलेला सदरा घडी करून ठेवते. ते तिच्याशी नजर मिळवत नाहीत. एकाच घरात हे दोघं एकमेकांना सांभाळून घेतात आणि मी मध्ये वेड्यासारखी फिरते. मला काय करावं कळत नाही, गोपिका. खरंच कळत नाही. मी त्यांना म्हटलं, तुम्ही भाऊजींना भेटा, सोडा म्हणा. ते म्हणाले, सोडा म्हणणारा माणूस मार्केटात बसत नाही. मी म्हटलं, मी जाते. तर चपला घालून मार्केटला निघून गेले. बाईच्या हातावर कोणी रुमाल टाकत नाही, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती.

कालपासून मला आपलं गाव सारखं आठवतं आहे. सातवीनंतर तुला नागपूरला नॉर्मल स्कूलला जाऊन मास्तरीण व्हायचं होतं. शाळेत तुझ्याइतकं अक्षर कोणाचं नव्हतं. मास्तर स्वतः तुझ्या घरी बोलायला आले होते आणि तुझ्या बाबांनी त्यांना ताक पाजून परत पाठवलं, कारण तुझं लग्न आधीच कुठेतरी ठरलेलं होतं आणि तुला ते हळदीच्या आधी आठवडाभर कळलं. तू सुखी आहेस, मला माहीत आहे. भाऊजींनी तुला कधी काही कमी पडू दिलं नाही. पण शनिवारी जेवताना शामला परभणीच्या यंत्रांबद्दल सांगत होती, तेव्हा तू वाढता वाढता थांबलीस. पळी हातात तशीच. तू तिचं एकूण एक बोलणं ऐकलंस. मी पाहिलं. तिथे बसलेल्या कोणाला दिसलं नाही, पण मी तुझ्याबरोबर सात वर्षं एका बाकावर बसले आहे.

म्हणून हे पत्र लिहिते आहे. त्या रुमालाखाली कॉलेजबरोबर शामला आणि वसंताचंही ठरलं, असं मी धरून चालले आहे. तसं नसेल तर ह्या मूर्ख मैत्रिणीला क्षमा कर आणि पत्र चुलीत घाल. असेल, तर त्यात तुझं काही चुकलं असं मी म्हणत नाही. मला मुलगा असता तर मीही शामलासारखी मुलगी हेरली असती. सौदा मोडा असंही म्हणत नाही, तो मोडला तर ह्यांना उद्या मार्केटात उभं राहता येणार नाही. मला एवढंच मागायचं आहे, आणि ते भाऊजींकडे मागू शकेल असं ह्या जगात तुझ्याशिवाय कोणी नाही. बाग फुलावर असताना विकली जाते, पण म्हणून घेणारा दुसऱ्या दिवशी टोपल्या घेऊन येत नाही. फळ पिकेपर्यंत थांबतो. भाऊजींना म्हणावं, चार वर्षं थांबा. तिला परभणीला जाऊ द्या, शिकून आली की तुमचीच आहे, तुमच्या कॉलेजलाही यंत्र चालवणारं माणूस हवंच आहे. बघ, मीसुद्धा माझ्या पोरीबद्दल मालासारखी बोलायला लागले. दुसरी भाषा त्यांना लागू पडेल असं वाटत नाही, आणि मला तरी दुसरी कुठे येते? परभणीला फी भरायची शेवटची तारीख दहा आहे. शामलाला ह्या पत्राचं माहीत नाही, तिच्या बाबांनाही नाही. भाऊजी हो म्हणाले तर दोन ओळी टाक. नाही म्हणाले, किंवा तुला विचारणंच झालं नाही, तर मला त्याचं काही लिहू नकोस, मला ते वाचवणार नाही. मंगळवारपर्यंत पोस्टमनची वाट पाहीन. मग पेटी उघडीन आणि सावनेरसाठी भरायला घेईन.

तुझ्याच भरवशावर बसलेली,
तुझीच
सत्यवती